मोठ्या फ्रेमचे रिव्हॉल्व्हर पारखताना

रिव्हॉल्व्हरची खरी पारख एकाच ठिकाणी होते: चाप ओढल्यावर सिलिंडरचे, म्हणजे काडतुसे भरायच्या फिरत्या भागाचे, प्रत्येक घर नळीच्या बरोबर समोर येऊन घट्ट थांबते की नाही, तिथे. कंपनीचे नाव, पॉलिश, लाकडी मूठ आणि विक्रेत्याने सांगितलेला इतिहास या सगळ्या गोष्टी त्यानंतरच्या आहेत. मोठ्या फ्रेमच्या, म्हणजे मोठ्या सांगाड्याच्या, हत्याराला हे अधिकच लागू पडते, कारण त्याचे काडतूस दणकट असते आणि लहानशी ढिलाईही त्यात लवकर वाढत जाते.

पुण्यात हा प्रश्न साधारणपणे तीन प्रकारच्या लोकांसमोर येतो. काहींना स्वसंरक्षणासाठी परवाना मिळालेला असतो, काही जण बालेवाडीच्या रेंजवर नियमित नेमबाजी करतात, आणि कॅम्प, वानवडी, खडकी या भागांतल्या निवृत्त लष्करी कुटुंबांत वडिलांचे किंवा आजोबांचे जुने हत्यार वारशाने येते. शिवाय अनेक पुणेकरांची मुले अमेरिकेत स्थायिक झालेली आहेत आणि तिथल्या कायद्याप्रमाणे रिव्हॉल्व्हर घेऊ पाहत आहेत. पारखण्याची रीत या सर्वांना सारखीच उपयोगी आहे. कायदा मात्र प्रत्येकाला आपापल्या ठिकाणचाच पाळावा लागेल.

आधी परवाना

भारतात परवाना हातात आल्याशिवाय कोणाकडेही हत्याराची बोलणी करू नयेत. पुणे शहरात परवाना देण्याचा अधिकार पोलीस आयुक्तांना आहे; पिंपरी-चिंचवडला २०१८ पासून स्वतंत्र आयुक्तालय असल्यामुळे तिथल्या रहिवाशांनी तिथे अर्ज करायचा असतो, आणि ग्रामीण भागासाठी जिल्हाधिकारी म्हणजेच जिल्हादंडाधिकारी परवाना देतात. अर्जदाराचे वय किमान २१ वर्षे असावे लागते. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे पोलीस पडताळणी, वैद्यकीय प्रमाणपत्र आणि हत्यार सुरक्षितपणे हाताळण्याचे प्रशिक्षण हे टप्पे पार करावे लागतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला तीनऐवजी दोनच हत्यारे ठेवता येतात आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षांची झाली आहे. आपल्याकडे आधीच एक हत्यार असेल आणि दुसरे वारशाने येणार असेल, तर नवीन खरेदीचा विचार तिथेच थांबतो. हे अनेकांच्या ध्यानात उशिरा येते.

परवान्यावर हत्याराचा प्रकार आणि काडतुसांची संख्या नोंदलेली असते. हत्यार पाहायला जाण्यापूर्वी ती नोंद नीट वाचावी आणि समोरच्या हत्याराचे बोअर, म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचे माप, आपल्या परवान्यात बसते का, याची खात्री परवाना शाखेकडूनच करून घ्यावी. ९ मिमीसारखी बोअर प्रतिबंधित वर्गात मोडतात आणि त्या बाबतीत विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनाला काही अर्थ नसतो.

फ्रेम मोठी कशासाठी

फ्रेम म्हणजे रिव्हॉल्व्हरचा सांगाडा, ज्यात नळी, सिलिंडर आणि चापाची यंत्रणा बसवलेली असते. तिचा आकार काडतुसाच्या दाबावरून ठरतो. आपल्याकडे सर्रास दिसणारे .३२ एस अँड डब्ल्यू (स्मिथ अँड वेसन) लाँग हे काडतूस १८९६ चे आहे; त्याची सुमारे साडेसहा ग्रॅमची गोळी सेकंदाला दोनशे-सव्वादोनशे मीटर वेगाने निघते. .४४ मॅग्नमची गोळी साडेपंधरा ग्रॅमची असते आणि तिचा वेग त्याच्या जवळजवळ दुप्पट असतो. म्हणजे गोळीची ऊर्जा आठ-नऊपट होते. तिचा धक्का सोसायला वजन आणि जाड पोलाद लागतेच.

.३५७ मॅग्नम हे काडतूस १९३५ साली स्मिथ अँड वेसनने आपल्या मोठ्या, म्हणजे एन फ्रेमवरच बाजारात आणले. पुढे ते मध्यम के फ्रेममध्येही बसवण्यात आले, पण तिथे नळीच्या मागच्या टोकाला खालून थोडे पोलाद कापून जागा करावी लागत असे आणि हलक्या, वेगवान गोळ्यांचा भरपूर वापर झाला की नेमकी तिथेच चीर पडल्याची उदाहरणे घडली. १९८० साली आलेली किंचित मोठी एल फ्रेम हे त्या दुखण्यावरचे उत्तर होते. .४४ मॅग्नम १९५५ च्या अखेरीस एन फ्रेमवर आले, आणि धातूच्या लक्ष्यांवर लांबून मारा करणाऱ्या स्पर्धकांनी त्यातून जड काडतुसे सतत झाडल्यावर त्याच्याही सिलिंडरची पकड सैल होऊ लागली. १९८०च्या दशकाच्या अखेरीस कंपनीने सिलिंडरच्या खाचा लांब करण्यासह काही सुधारणा केल्या. म्हणून स्मिथ अँड वेसनचे .४४ मॅग्नमचे मॉडेल २९ किंवा ६२९ जुने आहे की सुधारणेनंतरचे, हे विचारलेच पाहिजे. रूगरचे रेडहॉक १९७९ चे आणि सुपर रेडहॉक १९८७ चे. त्यांत सिलिंडर ज्या बाहूवर बाहेर येतो, ती क्रेनच पुढच्या बाजूने थेट फ्रेममध्ये अडकते. जड काडतुसे नियमित वापरणाऱ्यासाठी मला ही रचना सर्वांत भरवशाची वाटते. कोल्टचे ॲनाकोंडा १९९० मध्ये आले, मध्यंतरी बंद पडले आणि २०२१ मध्ये नव्या रूपात परतले. जुने आणि नवे ॲनाकोंडा आतून वेगवेगळे आहेत, त्यामुळे जुन्याचे सुटे भाग नव्याला बसतील असे गृहीत धरू नये.

भारतातला सामान्य परवानाधारक अशी परदेशी हत्यारे नवी मागवू शकत नाही. १९८०च्या दशकाच्या मध्यापासून वैयक्तिक आयातीची वाट जवळपास बंद आहे, आणि नामवंत नेमबाजांना मिळणारी सवलत हा वेगळा विषय आहे. त्यामुळे इथे मोठ्या फ्रेमचे हत्यार दिसते ते बहुधा त्याआधी आलेले आणि हातोहात फिरलेले असते, आणि दुर्मीळ असल्यामुळे त्याची किंमत त्याच्या प्रकृतीशी फारसे नाते ठेवत नाही. नवे घ्यायचे तर कानपूरच्या सरकारी कारखान्यांची .३२ बोअरची रिव्हॉल्व्हरे आहेत: मधोमध मोडून उघडणारे २०१४ चे निर्भीक आणि सिलिंडर बाजूला बाहेर येणारे २०२३ चे प्रबल. ही लहान आणि हलकी आहेत. खाली दिलेल्या तपासण्या त्यांनाही तशाच लागू पडतात.

खेळासाठी घेणाऱ्याने आणखी एक हिशेब करावा. आंतरराष्ट्रीय नियमांत २५ मीटर सेंटर फायर पिस्तूल प्रकारासाठी बोअर ७.६२ ते ९.६५ मिमी, नळी जास्तीत जास्त १५३ मिमी, वजन जास्तीत जास्त १४०० ग्रॅम आणि चापाचा जोर किमान १००० ग्रॅम असावा लागतो. मॅग्नम काडतुसांना तिथे परवानगी नाही. म्हणजे .४४ चे भारदस्त हत्यार कितीही अचूक असले तरी या स्पर्धेत निरुपयोगी आहे, आणि .३२ बोअरचे वजनदार, लांब नळीचे रिव्हॉल्व्हर मात्र उत्तम ठरते.

हातात घेतल्यावर

हत्यार हातात आले की नळी सुरक्षित दिशेला ठेवून, बोट चापापासून लांब ठेवून सिलिंडर उघडावा आणि सर्व घरे रिकामी असल्याची खात्री डोळ्यांनी व बोटाच्या टोकाने करावी. विक्रेत्याने आपल्यासमोर नुकतेच तपासले असले तरीही हे पुन्हा करावे. रिकामा चाप ओढण्यापूर्वी विचारून घ्यावे, आणि शक्य असल्यास घरांत सरावाची खोटी काडतुसे घालावीत.

बाहेरून पाहताना स्क्रूंच्या खाचांकडे आधी लक्ष द्यावे. खाचा चेपलेल्या, कडा उखडलेल्या असतील तर कोणीतरी चुकीच्या पेचकसाने हत्यार उघडले आहे, आणि ज्याने स्क्रू असे फिरवले त्याने आत स्प्रिंगा आणि चापाचे भाग कसे हाताळले असतील याचा अंदाज बांधता येतो. नळीच्या तोंडाशी काळा मुलामा उडालेला असणे ही केवळ म्यानाची घसट आहे, ती चालेल. याउलट कंपनीची अक्षरे अंधुक आणि कडा गोलावलेल्या असून वर मुलामा मात्र नवाकोरा असेल, तर गंज घासून काढून नवी झिलई चढवलेली आहे असे समजावे. मुठीच्या फळ्या काढून दाखवायची विनंती करावी. पुण्याच्या पावसाळ्यात कपाटात पडून राहिलेल्या हत्याराला पहिला गंज बहुधा त्या फळ्यांखालीच लागतो. हत्याराचा क्रमांक स्पष्ट असलाच पाहिजे. खोडलेला, घासलेला किंवा पुन्हा ठोकलेला क्रमांक दिसला तर हत्यार खाली ठेवून निघून यावे, कारण असे हत्यार बाळगणे हाच गुन्हा आहे.

आता मुख्य तपासणी. सिलिंडर बंद करून घोडा, म्हणजे मागचा हॅमर, अंगठ्याने अतिशय सावकाश मागे ओढावा आणि दुसऱ्या हाताचे बोट सिलिंडरला हलकेच टेकवून ठेवावे, जेणेकरून तो स्वतःच्या वेगाने पुढे सरकणार नाही. सिलिंडरच्या बाहेरच्या अंगावर जितकी घरे तितक्या खाचा असतात आणि फ्रेमच्या तळातून वर येणारी एक लहानशी खुंटी त्या खाचेत बसून सिलिंडर अडवते. घोडा पूर्ण मागे जाऊन अडकण्यापूर्वी, निदान त्याच क्षणी, ही खुंटी खाचेत बसल्याचा बारीक आवाज आला पाहिजे. घोडा अडकला आणि सिलिंडर मात्र केसभर मागे राहिला, बोटाने पुढे ढकलल्यावरच खट्कन बसला, तर त्या घराची वेळ चुकते आहे. हे सहाही घरांसाठी करावे. पाच घरे बरोबर आणि एक मागे, असे पुष्कळदा आढळते, कारण सिलिंडरच्या मागच्या चाकावरचे दाते सारखे झिजत नाहीत; आणि विक्रेता दोन-तीनदा घोडा ओढून दाखवतो तेव्हा ते एक घर नेमके समोर येतेच असे नाही.

त्यानंतर घोडा अंगठ्याने सांभाळत खाली आणावा, चाप शेवटपर्यंत दाबून धरावा आणि तशा स्थितीत सिलिंडर डावी-उजवीकडे हलवून पाहावा. गोळी सुटते त्या क्षणाची ही स्थिती असते. स्मिथ अँड वेसन आणि रूगरमध्ये इथे अगदी किंचित हालचाल नैसर्गिक आहे, तर जुन्या कोल्टमध्ये सिलिंडर जागचा हलत नाही. खडखड वाजेल इतकी हालचाल कोणत्याही कंपनीच्या हत्यारात मान्य करू नये.

मागेपुढे होणारी ढिलाई डोळ्यांनी कळत नाही, ती मोजावीच लागते. नाना पेठेत गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानांत फीलर गेज, म्हणजे बारीक फट मोजण्याच्या पातळ पट्ट्यांचे साधन, सहज मिळतो. तो सोबत न्यावा. सिलिंडर मागे दाबून नळीचे मागचे टोक आणि सिलिंडरचे तोंड यांच्यातली फट मोजावी, मग पुढे दाबून पुन्हा मोजावी. दोन्ही आकड्यांतला फरक ही ढिलाई होय. सिलिंडर मागे असताना फट साधारण ०.१० ते ०.२० मिमी असावी, ०.२५ च्या पुढे गेली तर बाजूने उडणारा वायू आणि शिशाचे कण वाढतात. आणि ढिलाई ०.०८ मिमीहून अधिक असेल तर दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा करावा. मोठ्या फ्रेममध्ये ही ढिलाई स्वतःच स्वतःला वाढवते, कारण प्रत्येक फैरीला जड सिलिंडर मागेपुढे आपटतो, त्या आपटण्याने टेकण्याची जागा आणखी चेपते, आणि पुढच्या फैरीला आपटायला अधिक अंतर मिळते. फट सर्व घरांसमोर सारखी आहे का, हेही पाहावे. एका बाजूला अरुंद आणि दुसऱ्या बाजूला रुंद असेल तर क्रेन वाकलेली असू शकते. चित्रपटात दाखवतात तसा मनगटाच्या झटक्याने सिलिंडर बंद करणाऱ्या मालकाने ती वाकवलेली असते. सिलिंडर बाहेर काढून फिरवावा आणि झाडलेल्या काडतुसांच्या पुंगळ्या बाहेर ढकलणाऱ्या दांड्याचे टोक पाहावे. ते डगमगत फिरत असेल तर दांडा वाकला आहे.

नळीच्या मागच्या टोकाला, जिथे सिलिंडरमधून निघालेली गोळी नळीत शिरते, लहान टॉर्चने नीट पाहावे. तिथला पृष्ठभाग थोडा खरबरीत असणे वापराचे लक्षण आहे, पण चीर दिसली तर नळी गेली. फ्रेमच्या वरच्या पट्टीवर फटीच्या बरोबर वर एक बारीक कोरलेली रेघ दिसते. मॅग्नम हत्यारांत ती ठरावीक खोलीपर्यंत जाऊन थांबते, तिला घाबरू नये. नळीच्या आत पाहण्यासाठी मागून पांढरा कागद धरून त्यावर उजेड पाडावा: आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या नळीतल्या खाचा, तोंडापर्यंत धारदार दिसावेत. नळीत मध्येच एखादे काळे कडे दिसले, तर तिथे कधीतरी फुसक्या काडतुसाची गोळी अडकली आणि तिच्यामागून दुसरी झाडली गेली, त्यामुळे नळी फुगली आहे. बाहेरून बोट फिरवले तर काही वेळा तो फुगवटा जाणवतो. हे हत्यार कोणत्याही किमतीला घेऊ नये.

चापाच्या बाबतीत दोन गोष्टी पाहाव्यात. घोडा मागे अडकवून त्यावर अंगठ्याने मागून मध्यम जोर द्यावा. तो सुटून पडता कामा नये. पडला तर कोणीतरी चाप हलका करण्याच्या नादात आतली कड घासून टाकली आहे, आणि हा दोष जिवावर बेतू शकतो. दुसरे म्हणजे हत्यार पडले तरी सुटू नये यासाठी असलेली अडणी. स्मिथ अँड वेसनने ती १९४५ च्या सुमारास सुधारली. रेडहॉकसारख्या रूगरमध्ये चाप दाबल्याशिवाय घोड्याचा घाव पिनपर्यंत, म्हणजे काडतुसावर ठोका देणाऱ्या सुईपर्यंत, पोहोचूच न देणारी पट्टी असते. अशी सोय नसलेले जुने हत्यार वारशाने आले असेल, तर घोड्याखालचे घर नेहमी रिकामे ठेवावे.

मधोमध मोडून उघडणाऱ्या रिव्हॉल्व्हरमध्ये एक तपासणी वाढते. हत्यार बंद करून एका हाताने मूठ आणि दुसऱ्या हाताने नळी धरून वर-खाली व आजूबाजूला हलवावी. बिजागरीत किंवा वरच्या कडीत हालचाल जाणवली तर ते हत्यार मनातून काढून टाकावे, कारण ही झीज भरून काढणारे कारागीर आता फारच थोडे उरले आहेत.

काडतुसे आणि फैरी

काडतुसे कोठून मिळणार, याचे उत्तर हत्याराच्या आधी शोधावे. .३२ च्या बाबतीत पुणेकरांना परकेपणा वाटायला नको. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा आहे आणि पुंगळीच्या बुडावर ‘केएफ’ ही त्याचीच अक्षरे असतात. .३५७ मॅग्नमची काडतुसे मात्र दुर्मीळ आणि महाग आहेत, आणि सरावच करता येणार नसेल तर असे हत्यार घेण्यात मला शहाणपण दिसत नाही.

जिथे कायद्याने मुभा असेल तिथे, मान्यताप्राप्त रेंजवर आणि रेंज अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली, डोळ्यांना चष्मा आणि कानांना संरक्षण लावून निर्णयापूर्वी काही फैरी झाडून पाहाव्यात. घरांना खडूने क्रमांक द्यावेत आणि कोणती गोळी कोणत्या घरातून कुठे लागली याची नोंद ठेवावी. झाडून झाल्यावर रिकाम्या पुंगळ्या त्याच क्रमाने मांडून बुडावरच्या टोपीकडे पाहावे. पिनचा खळगा मध्यभागी असेल तर ठीक. एकाच घराच्या पुंगळीवर तो सतत एका बाजूला सरकलेला असेल, तर ते घर नळीसमोर नीट येत नाही आणि आधी हाताने केलेल्या तपासणीत निसटलेली गोष्ट इथे पकडली जाते. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला शिशाचे कण टोचले, तर तीही हीच खूण आहे.

व्यवहार

खासगी व्यक्तीकडून घेताना विकणाऱ्याने जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या अधिकाऱ्याला लेखी कळवणे आणि त्यानंतर किमान ४५ दिवस जाऊ देणे कायद्याने आवश्यक आहे. त्या पत्राची पोच दाखवल्याशिवाय विसार देऊ नये. ज्यांचे वय ७० झाले आहे किंवा ज्यांनी हत्यार २५ वर्षे बाळगले आहे, त्यांना हयातीतच वारसाच्या नावे परवान्यासाठी अर्ज करवता येतो. मालकाच्या मृत्यूनंतर मात्र हत्यार घरात पडू न देता पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे आणि मगच वारसाचा अर्ज करावा. निवडणुकीच्या काळात आदेश आला की हत्यार जमा करावे लागते. त्या वेळी पावतीवर क्रमांकासोबत हत्याराच्या स्थितीचीही नोंद करून घ्यावी. लग्नात, मिरवणुकीत हवेत बार काढणे हा २०१९ पासून स्वतंत्र गुन्हा असून त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

घरी हत्यार रिकामे करून कुलपाच्या तिजोरीत आणि काडतुसे वेगळ्या कुलपात ठेवावीत. पावसाळ्यात चामड्याच्या म्यानात ठेवून देऊ नये, कारण चामडे ओल धरते. खरेदीच्या दिवशी मोजलेली फट आणि ढिलाई वहीत तारखेसह लिहून ठेवावी आणि पहिल्या शंभर फैरींनंतर तोच गेज लावून पुन्हा मोजावी. आकडा तसाच असेल तर वर्षातून एकदा मोजणे पुरे. वाढला असेल तर पुढची फैर झाडण्यापूर्वी हत्यार परवानाधारक कारागिराकडे न्यावे.